नळाजवळची उडी

जीवशास्त्राच्या सरांशी माझं पहिलं भांडण मैदानावरून झालं आणि पुढची सगळी भांडणंही मैदानावरूनच झाली. मी शाळेत खेळ शिकवते, त्यामुळे मैदान माझं, हे मी कामावर रुजू झाले त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. सर मात्र दरवर्षी वर्ष संपत आलं की रंगीत पट्ट्यांनी भरलेली पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, जरा मैदान लागेल." त्यांचं 'जरा' म्हणजे अख्खा महिना. शिवाय माझी शिट्टीही लागायची, आणि ती परत येताना दोरीशिवाय यायची.

मुलं त्यांना जोडीसर म्हणायची. तोंडावर नाही, पण सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दिसेल त्याची जोडी तपासायची, ही त्यांची खोड. शिक्षकांच्या खोलीत निळ्या कपाखाली पांढरी बशी आली की ती बदलेपर्यंत ते चहाला तोंड लावायचे नाहीत, आणि तोवर चहा गार झाला म्हणून आमच्यावरच चिडायचे. खडूच्या डब्याला भलतंच झाकण, छत्रीला भलतीच खोळ, असलं काही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. एकदा आधीच्या मुख्याध्यापकांच्या पायांत दोन वेगळे मोजे निघाले. सरांनी भरसभेत उठून त्यांच्या कानात ते सांगितलं. बिचाऱ्यांनी उरलेली सगळी सभा पाय खुर्चीखाली ओढून घेऊन चालवली.

त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. अर्ध्या वस्तीच्या नाकांवरचे चष्मे वहिनींनी नीट बसवून दिलेत, घरातला एक तेवढा बसला नाही. सरांचं नाक डोळ्यांच्या मध्ये इतकं सपाट की चष्मा सारखा घसरायचा. मग दर दोन वाक्यांनंतर ते मधल्या बोटाने तो वर ढकलायचे आणि "हं" म्हणायचे. वहिनींनी नाकावरच्या गाद्या बदलून पाहिल्या, दांड्या वाकवून पाहिल्या, आणि शेवटी हात टेकले. मुलीनेही नेमकं तेच नाक उचललं. ती दुसऱ्या शहरात परिचारिका आहे आणि इंजेक्शन देताना चष्मा घसरतो, अशी आईकडे फोनवर तक्रार करते. सर यावर बेहद्द खूश. "बघा बाई," ते मला म्हणाले होते, "या नाकाची माहिती तिच्या प्रत्येक पेशीत आहे. अगदी पायाच्या अंगठ्यातसुद्धा."

"अंगठ्यातच राहिली असती तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाल्या.

आता कवायतीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिच्यातूनच झाला. पेशी एकाची दोन होण्याआधी आपल्याजवळच्या माहितीची नक्कल कशी करते, हे फळ्यावर काढून दाखवलं की पोरं झोपतात, असा सरांचा अनुभव. म्हणून त्यांनी डीएनए मैदानावर उभा केला. दहावीची मुलं दोन लांब ओळींत समोरासमोर उभी राहायची. प्रत्येकाच्या कमरेला लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा पट्टा. लालसमोर पिवळाच हवा आणि निळ्यासमोर हिरवाच, त्यात तडजोड नाही. लाल-पिवळ्याने एकमेकांची दोन बोटं धरायची आणि निळ्या-हिरव्याने तीन, कारण खऱ्या डीएनएतही एका जोडीत दोन बंध असतात आणि दुसरीत तीन. दहावीच्या मुलामुलींना एकमेकांची बोटं धरायला लावणं म्हणजे काय प्रकार असतो, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पहिले चार दिवस नुसत्या खिदळण्यात जायचे.

शिट्टी झाली की एक दणकट पोरगा मधून धावत सुटायचा आणि सगळ्यांची बोटं सोडवत जायचा, बॅगेची चेन उघडावी तशी. दोन्ही ओळी सुट्या पडल्या की नववीची मुलं कोपऱ्यातून, पाण्याच्या नळावरून, एकामागून एक पळत यायची. सुट्या पडलेल्या प्रत्येक दहावीवाल्यासमोर त्याच्या जोडीचा रंग येऊन उभा राहायचा. एका ओळीत हे काम सरळ चालायचं. दुसऱ्या ओळीत ते उलटीकडून, तुकड्यातुकड्यांनी करावं लागायचं, कारण पेशीला नवा धागा एकाच दिशेने विणता येतो. मग एक मुलगी दोरी घेऊन ते तुकडे जोडत जायची. तिच्या मागून तपासनीस यायचा. त्यासाठी सर वर्गातलं सगळ्यात चोंबडं पोर निवडायचे. चुकीचा रंग दिसला की ते त्याला दंडाला धरून बाहेर काढायचं आणि बरोबर रंग आणून उभा करायचं. शेवटी एका जोडओळीच्या दोन जोडओळी झालेल्या असायच्या. रंगांचा क्रम दोन्हीत तोच, आणि प्रत्येकीत एक ओळ जुनी, एक नवी.

त्यानंतर ढोल. एक निरोप्या ओळीवरून रंग वाचत जायचा आणि तीन-तीनच्या गटाने ओरडून सांगायचा. प्रत्येक गटाचा ढोलावर एक ठरलेला ठोका. पेशी याच रीतीने तीन-तीन अक्षरं वाचते आणि त्यावरून प्रथिनं बनवते, आमच्याकडे प्रथिनांच्या जागी ठोके. दोन्ही जोडओळींवरून एकच ठेका निघाला की नक्कल बरोबर. एका वर्षी भांडण झालेल्या दोन मैत्रिणी एकमेकींसमोर उभ्याच राहिनात. हिरवीने परस्पर पिवळीशी जागा बदलली, तपासनीस तेव्हा नेमका नाक शिंकरत होता, आणि मधेच ढोलाला उचकी लागली. सर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू त्यांचं भांडण मीच लावलं होतं.

ही सगळी कवायत कुठेही लिहिलेली नव्हती. तशी गरजच पडली नाही. दहावीतला प्रत्येक जण समोरच्या नववीवाल्याला शिकवायचा आणि पुढच्या वर्षी तो नववीवाला दहावीत जाऊन पुढच्याला शिकवायचा. सर फक्त मध्ये उभे राहून चुका शोधायचे. इतक्या वर्षांत आपल्या कवायतीत एक चूक शिरली नाही, असं ते चारचौघांत छाती काढून सांगायचे.

आणि मग ती उडी. नववीचं प्रत्येक पोर नळापाशी आलं की एक लांब उडी मारायचं आणि पुढे पळायचं. मी ती वर्षानुवर्षं पाहत होते. असेल पेशीतलं काहीतरी, असं वाटायचं. विचारायला गेले असते तर तासभर ऐकावं लागलं असतं.

सरांचं निवृत्तीचं वर्ष आलं, त्याच वर्षी शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो, जरी त्या माझ्या खांद्याला लागायच्या. बोलायच्या कमी, आणि जे बोलायच्या त्याला उत्तर सुचायचं नाही. कवायतीचं ऐकल्यावर त्या म्हणाल्या की हेच सगळं पडद्यावर थोडक्यात दाखवता येईल, त्यासाठी दोन वर्ग महिनाभर उन्हात कशाला तापवायचे? मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मैदान सुटत होतं. पण सरांचा चेहरा असा पडला की माझ्याच अंगाचा तिळपापड झाला, आणि मी उगीचच कवायतीच्या बाजूने बोलायला लागले. तेव्हा मोठ्या बाईंनी मधला मार्ग काढला. एक सराव स्वतः बघेन, म्हणाल्या, आणि प्रत्येक हालचालीला कारण असेल तर कवायत पुढेही राहील.

सरांचा जीव भांड्यात पडला. कारणं तर त्यांच्याकडे पोतंभर होती. निवृत्तीचं त्यांना फारसं दुःख नव्हतं, पण आपल्यामागे ही कवायत मरू नये एवढं मात्र त्यांना फार वाटत होतं. ते त्यांनी मला सरळ सांगितलंही होतं. माणूस एरवी असलं बोलणारा नव्हता, त्यामुळे मी तिथल्या तिथे उड्या मारायच्या दोऱ्या मोजायला घेतल्या.

सराव झाला. मोठ्या बाई ओळींच्या बाजूने चालत गेल्या. दोन बोटं का, तीन का, हे विचारलं. उत्तर मिळालं. तुकडे का, दोरी का, त्याचंही उत्तर मिळालं. सर रंगात आले होते. मग बाई नळाकडे बोट करून म्हणाल्या, "आणि ती उडी कशासाठी?"

"ती खेळाच्या बाईंची आहे," सर म्हणाले. "तालासाठी."

"ती सरांची आहे," मी त्याच क्षणी म्हणाले. "विज्ञानातली."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. मुख्य कार्यक्रम पुढच्या आठवड्यात आहे, तोवर उडी कोणाची ते ठरवा, एवढंच सांगून त्या निघून गेल्या.

त्या दुपारी खेळाच्या सामानाच्या खोलीत, चेंडूंच्या जाळीला टेकून, आम्ही भांडत बसलो. त्यांचं म्हणणं, उडी मारायला मी शिकवते. माझं म्हणणं, पेशीबिशी मला काय कळतंय. शेवटी दहावीच्या एका मुलीला बोलावलं आणि उडी कुणी शिकवली ते विचारलं. गेल्या वर्षीच्या ताईंनी, ती म्हणाली. त्या का उडी मारायच्या, असं सरांनी विचारलं, तेव्हा ती त्यांच्याकडे दयेने बघायला लागली.

"का असं नसतं सर. तिथे उडी असते."

ती गेली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कवायतीच्या पहिल्या वर्षी नळाची पाइपलाइन टाकायला प्लंबरने तिथे चर खणला होता आणि उघडाच टाकून तो गायब झाला होता. माझे चेंडू रोज त्या चिखलात जायचे. मी त्याच्याशी हुज्जत घातली होती, आणि शेवटी फावडं घेऊन मीच तो बुजवला होता. पण तोवर कवायत झाली होती. त्या वर्षीची मुलं चर ओलांडायला उडी मारत होती. पुढच्या वर्षी चर नव्हता, उडी होती.

हे ऐकून सर हसतील असं मला वाटलं. ते जुन्या गादीवर मट्कन बसले. "म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत चूक नकलली जात होती," ते म्हणाले. "इतकी वर्षं. आणि मी बश्या तपासत बसलो." त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं, आणि मला त्यांचं वाईट वाटलं. म्हणून मी सुचवलं की उद्या सकाळी तिथे पुन्हा चर खणते, म्हणजे उडीला कारण तयार. मला तो उपाय अजूनही उत्तम वाटतो. सरांनी तो ऐकूनही घेतला नाही. खोटा पुरावा मांडून कवायत वाचवण्यापेक्षा ती गेलेली बरी, म्हणाले. उडी काढायची ठरली.

उडी काढणं म्हणजे काय, हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या उडीमुळे पुढच्या-मागच्या पोरांत अंतर राहायचं. उडी गेली आणि सगळी नववी एकमेकांच्या पाठीवर जाऊन आदळली. लाल निळ्यासमोर, हिरवा हिरव्यासमोर, दोरीवाली मुलगी दोरीत गुंडाळलेली आणि तपासनीस रडकुंडीला आलेला. ढोलवालीला जे रंग ऐकू आले त्यांचा तिने ठेका वाजवला, तो भांडी कोसळल्यासारखा निघाला. निम्मी पोरं सवयीने उडी मारायची, निम्मी मारायची नाहीत, आणि जी मारायची नाहीत त्यांच्यावर मारणारी पडायची. माझ्या औषधाच्या पेटीतला कापूस संपला.

मग सर स्वतः पुढे झाले. नुसतं सरळ पळत यायचं आहे, त्यात अवघड काय आहे, असं म्हणत ते नळाकडे गेले. तिथून पळत आले. चराच्या जागी थबकले, चष्मा वर ढकलला, "हं" म्हणाले आणि उडी मारली.

सरांनी मान हलवली, परत गेले, परत आले. थबकले, चष्मा, हं, उडी. त्या आठवड्यात त्यांनी हे किती वेळा केलं याला गणती नाही. आपण उडी मारणार नाही हे ते आधी जाहीर करायचे आणि मग मारायचे. नववीची पोरं गुडघ्याला हात टेकून बघत राहायची. नववीला इतकं मन लावून काही बघताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पालक आले, वहिनी दुकानातून अर्धी रजा काढून आल्या, मोठ्या बाई पुढच्या खुर्चीत बसल्या. उडी काही निघाली नव्हती. माझी शिट्टी सरांच्या हातात होती, पण ते वाजवेनात. मला वाटलं, हे आता कवायतच रद्द करतात. ते माइकपाशी गेले.

"नळापाशी मुलं उडी मारतील," ते म्हणाले. "ती चूक आहे. मी ती काढू शकलो नाही. पहिल्या वर्षी तिथे चर होता. या मुलांतल्या एकानेही तो पाहिलेला नाही, पण तो कसा ओलांडायचा हे प्रत्येकाला येतं. मी एवढी वर्षं जे शिकवत होतो ते हेच आहे. फक्त हे मला शिकवावं लागलं नाही." त्यांनी चष्मा वर ढकलला. "जवळजवळ सगळ्या चुका तपासनीस पकडतो. एखादी सुटते. सुटलेली चूक पुढच्या सगळ्या नकलांत जाते. बहुतेकदा तिने काही बिघडत नाही, कधी फार बिघडतं, आणि कधी कधी तिच्याशिवाय चालेनासं होतं. हं."

शिट्टी वाजली. उडीसकट कवायत झाली. दोन्ही जोडओळींवरून ढोलाचा ठेका एकसारखा आला आणि टाळ्या वाजल्या. मी मात्र मोठ्या बाईंकडे बघत होते. त्या उठल्या, नळापर्यंत चालत गेल्या आणि नववीच्या एका लहानखुऱ्या मुलीला विचारलं की चर कुठून कुठवर होता. मुलीने इथून इथवर असं पावलाने दाखवलं, आणि मी जिथे फावडं चालवलं होतं तिथेच बरोबर दाखवलं.

"कवायत राहील," मोठ्या बाई म्हणाल्या. "उडी काढू नका. पडद्यावर ती कधीच आली नसती."

सरांनी शिट्टी माझ्या हातात दिली, दोरीसकट. मला तेवढ्यानेच भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी पोरांवर ओरडले.

सर निवृत्त झाले. जीवशास्त्राला एक तरुण शिक्षिका आली, आणि वर्ष संपत आल्यावर रंगीत पट्ट्यांची पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "बाई, जरा मैदान लागेल," ती म्हणाली. हे वाक्य तिला कुणी शिकवलं, देव जाणे.

कार्यक्रमाला मी सरांना आणि वहिनींना बोलावलं. आम्ही तिघं भिंतीपाशी सावलीत उभे होतो. सरांनी पहिल्यापासून तपासणी सुरू केली. तिसऱ्या मुलाचा पट्टा सैल आहे, बोटं नीट धरलेली नाहीत, दोरी मागच्या वर्षीचीच आहे, असं चाललं होतं. गेल्या वर्षीची नववी आता दहावी होऊन ओळींत उभी होती. शिट्टी झाली, ओळी सुटल्या, आणि नवी नववी नळावरून यायला लागली.

पहिला मुलगा चराच्या जागी आला. थबकला. मधलं बोट नाकावर, डोळ्यांच्या मध्ये, टेकवून वर ढकललं. "हं" म्हणाला. आणि उडी मारली.

दुसरी मुलगी आली. बोट, हं, उडी. तिसरा, चौथी, पाचवा. कुणाच्याही डोळ्यांवर चष्मा नव्हता. एकाच्याही नाकाचा सरांच्या नाकाशी दुरूनही संबंध नव्हता. ओळच्या ओळ अगदी गंभीर चेहऱ्याने बोट नाकावर ठेवत होती आणि उड्या मारत होती. त्यांना ते दहावीने शिकवलं होतं, आणि का म्हणून विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की तिथे ते असतं.

सर एकदम ताठ झाले. "ही चूक नवीन आहे," ते मला म्हणाले. आवाज चढलेला. "गेल्या वर्षी नव्हती. तपासनीस काय करतोय? कुठून आली ही?" आणि त्यांनी मधल्या बोटाने चष्मा वर ढकलला. "हं?"

वहिनींनी सरांचा हात अजून नाकापाशी होता तोच हलकेच धरला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून आली."

सरांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग मैदानाकडे. कोपऱ्यातून पोरं येतच होती. तपासनीस ओळीच्या मागून फिरत प्रत्येकाचा रंग पाहत होता, आणि नाकावरच्या बोटाला त्याचा काहीच आक्षेप नव्हता. नवी शिक्षिका लगबगीने आमच्याकडे आली. सर, काही चुकतंय का, असं तिने विचारलं.

सरांचा चष्मा घसरून पार नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि तो तसाच होता.

"नाही," ते म्हणाले. "राहू द्या."